हेतू शुद्ध असला म्हणजे जबाबदारी संपते काय?



वैनगंगेकाठच्या कारधा गावाच्या शिवारात धानावर तुडतुडे किंवा खोडकिडा दिसू लागला, की फवारणीचे पंप पाठीवर चढतात. विष हातांनी कालवले जाते, वाऱ्याने अंगावर उडते, श्वासावाटे व त्वचेतून शरीरात शिरते. तेच कपडे घरातील स्त्री इतर धुण्यासोबत धुते. रिकाम्या डब्यात तेल भरले जाते आणि पंप नाल्यात विसळला जातो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालय गाठावे लागले. मजुरांना फवारणीस पाठविणारे काही त्यांच्या जिवावर उठले नव्हते. मग दोष कोणाचा?

‘आमचा हेतू वाईट नव्हता,’ असे उत्तर येते. कर्माचे मोल हेतूवर ठरते, हे खरेच. परंतु सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येसाठीही भरपाई आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार असतो, अशीही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणजे शुद्ध हेतू निष्काळजीपणा धुऊन काढत नाही. जो विष दुसऱ्याच्या हाती देतो, त्याने त्याचे ज्ञानही द्यावयास हवे.

‘मजूर स्वखुशीने आला, मजुरी घेतली,’ हे दुसरे उत्तर. पण ज्याला धोका ठाऊक नाही, त्याची संमती कशाला दिली गेली? आणि कपडे धुणाऱ्या त्याच्या पत्नीला कोणी विचारले? नाल्याच्या खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या जनावराला कोणी विचारले? स्वतःचे शरीर हीदेखील अल्लाहची अमानत आहे. मजुरीच्या मोबदल्यात ती विकण्याचा अधिकार मजुरालाही नाही, विकत घेण्याचा मालकालाही नाही.

म्हणून डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. मजुराला हातमोजे, मुखपट्टी व साबण द्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू देऊ नका. त्याचे कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा फोडून टाका, तो घरात आणू नका. पंपाचे पाणी नाल्यात सोडू नका. वाटेतील काटा दूर करणे हा ज्यांच्या ईमानाचा भाग आहे, त्यांनी दुसऱ्याच्या वाटेत विष कसे ठेवावे?

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.