पोकळीचा हिशेब
औंढा नागनाथची ती गोष्ट हिंगोली जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात देवळात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय नेतील तिथे पिंड. या गोष्टीतून ‘देव सर्वत्र आहे’ एवढे आपण उचलतो आणि मोकळे होतो. अवघड प्रश्न त्याच्या पुढे आहे. देव सर्वत्र असेल, तर जिथे तो जाणवत नाही त्या जागेचे काय करायचे? तिथे काहीच नाही असे धरून पुढे जायचे का? माझे म्हणणे असे की रिकामेपणही हिशेबात धरावे लागते, आणि याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला बेअरिंगच्या गणितात सापडते.

वसमतसारख्या उसाच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत. अशा कारखान्यातल्या वाफेच्या टर्बाइनचा शाफ्ट वेगात आला की बेअरिंगच्या धातूवर टेकलेला राहत नाही. तेलाच्या केसाएवढ्या बारीक थरावर तो तरंगतो. भाराने तो किंचित एका अंगाला सरकलेला असतो, म्हणून एका बाजूला फट निमुळती होत जाते. फिरता शाफ्ट तेल त्या फटीत ओढतो, दाब चढतो आणि शाफ्ट उचलला जातो. ब्यूचँप टॉवर यांनी १८८३च्या सुमारास रेल्वेच्या बेअरिंगला वरून भोक पाडले, तेव्हा त्यातून तेल वर येऊ लागले. भोकात ठोकलेले लाकडी बूचही त्या तेलाने बाहेर ढकलले. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्या दाबाचे समीकरण मांडले. पेच आहे तो पलीकडे, जिथे फट पुन्हा रुंदावते. १९०४चे सोमरफेल्ड यांचे उत्तर तिथे चढलेल्या दाबाइतकाच उणे दाब दाखवते. एवढा ताण तेल सहसा सोसत नाही. ते फाटते, त्याच्या लांबट पट्ट्या होतात आणि मधल्या जागेत हवा किंवा वाफ भरते. हेच कॅव्हिटेशन.

ग्युम्बेल यांनी सोपी वाट काढली: दाब उणे आला की तिथे शून्य लिहायचे. संगणकालाही हे सोयीचे पडते. बेअरिंग किती भार पेलेल याचा अंदाज असा बरा येतो, हे मान्य केले पाहिजे. तेलाचा ताळा मात्र जुळत नाही. कागदावर तेल कुठून तरी उपजते किंवा नाहीसे होते. याकोबसन आणि फ्लोबर्ग यांनी १९५७ मध्ये, पुढे ओल्सन यांनी, फाटलेल्या पट्ट्यांतूनही तेल वाहतच असते हे धरून अट मांडली. एलरॉड यांनी १९८१ मध्ये ती संगणकाला झेपेल अशा रीतीत बसवली: दाब चढत नाही तिथे ती जागा तेलाने किती भरली आहे, तो अंश मोजायचा. अंश ०.६ आला तर त्या जागेचे दहातले सहा भाग तेलाने भरलेले आहेत आणि तेवढे तेल तिथून पुढे चालले आहे. सलग थर पुन्हा कुठे जुळेल हे त्या वाहत्या तेलावर ठरते. पोकळी पुसून टाकली, तर भरलेपण कुठे सुरू होते तेच चुकते.

न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले, आणि अभाव कशाचा व कुठे, हे सांगायला लावले. एलरॉड यांचा अंश नेमके तेच सांगतो. संत गोरोबा कुंभारांनी कच्चे मडके ठरवलेल्या नामदेवांची अडचणही मला तिथेच दिसते: पंढरीच्या विठ्ठलासमोर सारे भरलेले आणि बाहेर सगळीकडे शून्य. विसोबांनी त्यांना ते शून्य जागोजाग तपासायला लावले.

यावर आक्षेप येईल की तेलाच्या थरावरून देव सिद्ध होत नाही. होत नाहीच, आणि तसा प्रयत्न करणाऱ्यांनी भक्तीचे आणि गणिताचे दोहोंचेही नुकसान केले आहे. दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: अशा रीतीने कुठलीही उणीव देवाच्या खात्यात टाकता येईल, मग नास्तिकाने विचारायचे तरी काय? बेअरिंगमध्ये आत गेलेले तेल बाहेर यावे लागते, म्हणून पोकळीबद्दल मनाला येईल ते बोलता येत नाही. भक्ताजवळ असा ताळा नाही. म्हणून देवाच्या विरहाचे नाव घेणाऱ्याने तरी आपल्याला नेमके काय उणे वाटते, कुठे वाटते आणि त्या उणिवेने आपल्या वागण्यात काय पालटले, हे सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर नास्तिकाचा आक्षेप तिथे बरोबर आहे.