आकृती आधी की व्याख्या?

ग्राफ थिअरी शिकवताना फळ्यावर आधी काय यावे? तुम्ही म्हणता, ठिपके काढा, रेषांनी जोडा, मुलांना खेळू द्या. ‘शिरोबिंदूंचा संच आणि त्यांतल्या काही जोड्या’ ही व्याख्या मागाहून आली तरी चालेल. मला ती पहिल्याच तासाला हवी. तुमचा हुकमी दाखला म्हणजे क्योनिग्सबर्गचे सात पूल. पण ऑयलरने १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेल्या उत्तरात शहराचा नकाशा आहे, पाठ्यपुस्तकांतली ठिपक्या-रेषांची आकृती नाही. त्याने चार भूभागांना अक्षरे दिली आणि फेरी म्हणजे अक्षरांची ओळ मानली. सात पूल एकेकदाच ओलांडायचे तर ओळीत आठ अक्षरे येणार. पण पाच पुलांच्या बेटाचे अक्षर तीनदा यायलाच हवे आणि तीन-तीन पुलांच्या बाकी तिघांचे दोन-दोनदा. बेरीज नऊ, म्हणजे अशी फेरी अशक्य. रस्त्यांची लांबी, नदीचे वळण, काहीच लागले नाही.

‘तो ऑयलर होता, कॉलेजातल्या मुलाला अक्षरांच्या ओळीत काय दिसणार?’ हा आक्षेप रास्त आहे, आकृतीवाचून अंदाज बांधता येत नाही हे मला मान्य आहे. पण ती फसवतेही. चार शिरोबिंदू, प्रत्येक जोडी जोडलेली: चौकोन आणि त्याचे कर्ण असे काढले की मधे छेद पडतो आणि नवशिका तिथे पाचवा बिंदू मोजतो. तोच ग्राफ त्रिकोण आणि त्याच्या पोटात एक बिंदू असा काढला की छेद नाहीसा. ग्राफ एकच आहे याचा निवाडा जोड्यांची यादीच करते.

मग चित्रे पुसून मोजतच बसायचे का, असे तुम्ही चिडून विचाराल. इथे माझी बाजू जरा लंगडी पडते. पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झालेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांच्या १९५९ च्या ग्राफमध्ये १६ शिरोबिंदू आहेत, प्रत्येकाला ६ शेजारी, आणि कोणत्याही दोघांचे सामाईक शेजारी २. चार बाय चारच्या पटावर हत्ती एका चालीत जाईल अशी घरे जोडली तरी हेच आकडे येतात. तरी ग्राफ वेगळे! एका शिरोबिंदूचे सहा शेजारी आपसांत कसे जोडले आहेत ते काढून पाहा: हत्तीच्या ग्राफमध्ये दोन सुटे त्रिकोण, श्रीखंड्यांच्या ग्राफमध्ये षट्कोन. आकडे जिथे गप्प बसले तिथे आकृती बोलली. मात्र काय काढायचे हे ‘शेजारी’ची व्याख्या हाती होती म्हणून कळले, आणि फरक खरा आहे, नुसता रेखाटनाचा नाही, हेही तिच्यामुळेच म्हणता आले.

म्हणून मी पहिल्या तासाला जोड्यांची यादी देईन आणि तिच्या एकमेकींसारख्या न दिसणाऱ्या दोन आकृत्या मुलांकडूनच काढून घेईन. यांतली खरी कोणती, असे कुणी विचारले तर तास सार्थकी लागला असे मी समजेन. तुम्ही अर्थातच म्हणाल, हा प्रश्न पडायलाही आकृतीच लागली.