चौकटीतला नावाडी

मावळत्या सूर्याचे छायाचित्र घेणाऱ्या हौशी माणसाची पहिली निराशा ठरलेली असते. डोळ्यांना ताटाएवढा दिसलेला सूर्य चित्रात मोहरीएवढा उतरतो. दोष यंत्राचा नव्हे. सूर्यबिंब आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापते. ५० मिलिमीटरच्या भिंगातून फिल्मवर त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पडते. क्षितिजाशी ते मोठे भासते, हा आपल्या मनाचा खेळ. इतकेच काय, बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. वातावरणात वाकलेले किरण त्याला वर उचलून दाखवतात. तेव्हा सूर्यास्ताचे चित्र ‘जसेच्या तसे’ असावे असा आग्रह कोणी धरू नये.

मग उरतो रचनेचा प्रश्न. क्षितिज ऐन मध्यावर घेऊ नये; रंग आकाशात असतील तर ते खाली ठेवावे, पाण्यात असतील तर वर; आणि अग्रभागी काहीतरी असावे: झाड, नाव, माणूस. आमची शंका त्या शेवटच्या शब्दापाशी सुरू होते.

कलकत्त्याचा प्रिन्सेप घाट १८४३ सालचा. हुगळीच्या पूर्वतीरावर असल्याने सूर्य समोर हावड्यामागे बुडतो. शेजारी १९९२ मध्ये खुला झालेला विद्यासागर सेतू, खाली भाड्याच्या नावा. (मावळतीची जागा जून ते डिसेंबर सुमारे ५० अंशांनी सरकते. हवी ती जुळणी साधायला सहा महिने थांबावे लागते आणि बदलीचा हुकूम बहुधा त्याआधी येतो!) नावाडी वल्ह्यावर ओणवा झाला की चित्र जमते. आकाशाच्या उजेडाशी यंत्र जुळवले की तो काळा होतो. चेहरा जातो, वय जाते, आकार तेवढा राहतो.

वगळणे म्हणजे खोटे बोलणे, असे आम्ही म्हणत नाही. चौकट आली की वगळणे आलेच. पलीकडची धुराडी कोणी चित्रात घेतली नाहीत, तर त्यात सत्याचा अपलाप होत नाही. पण धुराडे वगळणे वेगळे आणि माणसाला चौकटीत घेऊन त्याचे माणूसपण वगळणे वेगळे. कचेरीत बसणाऱ्या आपल्या वर्गाला हे निराळे सांगायला नको. अर्जदार नस्तीत शिरतो आणि ‘प्रकरण’ होऊन बाहेर पडतो; टिपणी मात्र सुबक असते.

फिल्मच्या काळी याला सबब होती. आकाश आणि चेहरा यांच्या उजेडातले अंतर तिला पेलत नसे. आजचा खिशातला फोन निरनिराळ्या उजेडाची चित्रे आपणहून एकत्र करून सावलीतला चेहराही दाखवू शकतो. म्हणजे काल जी यंत्राची लाचारी होती, ती आज आपली निवड झाली आहे. काळी आकृती हवी असेल त्याने खुशाल घ्यावी, ती सुंदरही दिसते. मात्र ती आपण घेतली, हे त्याने स्वतःशी कबूल करावे.

आम्हांला दुसरी वाट अधिक आवडते. या अक्षांशावर बिंब टेकल्यापासून सुमारे अडीच मिनिटांत दिसेनासे होते आणि बहुतेक मंडळी लगेच पाठ फिरवतात. पण त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे उजेड मऊ असतो. आकाश आणि चेहरा एकाच चित्रात सुखाने नांदतात. तेवढ्यात नावाड्याला विचारता येते. बोलण्यात काही वेळ जातो, आणि तो आपला मळका गमछा सोडून खांद्यावर नीट घेतो.