मागून घेतलेला मुद्दा

पुलाचा खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला, एवढे सांगून झाल्यावर ‘धिस बेग्ज द क्वेश्चन’ असे म्हणून ‘हा पैसा आणावयाचा कोठून?’ असे विचारणारा इंग्रजी लेखक आपण एक प्रश्न उपस्थित करीत आहोत अशा समजुतीत असतो. आणि त्याच्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढणारा पंडित त्याला बजावतो की, प्रश्न उपस्थित होण्याशी या वाक्प्रचाराचा काडीचाही संबंध नसून, जे सिद्ध करावयाचे तेच पुराव्यात गृहीत धरणे, या दोषाचे ते नाव आहे. पंडिताचे म्हणणे खरे आहे. परंतु ते खरे का, याचा छडा लावू गेल्यास शब्दकोश मिटून न्यायशास्त्राची पोथी उघडावी लागते, आणि ती उघडली की देवाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही.

या शब्दांचे मूळ अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांत आहे. त्याच्या काळी वाद हा एक नियमबद्ध खेळ होता : एकाने मत धरून बसावे, दुसऱ्याने त्याला एकामागून एक विधाने विचारून प्रत्येकास कबुली मागावी, आणि मिळालेल्या कबुल्यांच्याच बळावर त्याचे मत पाडावे. या मागणीला एक मर्यादा होती. ज्याविषयी कज्जा चालला आहे तीच गोष्ट कबूल करून मागावयाची नाही. ‘आरंभीचेच मागणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांचे लॅटिनमध्ये ‘पेटिटियो प्रिन्सिपाय’ झाले, आणि सोळाव्या शतकात त्याला हे इंग्रजी रूप आले. तेव्हा ‘बेग’ म्हणजे कबुलीची याचना, आणि ‘क्वेश्चन’ म्हणजे प्रश्नचिन्हाने संपणारे वाक्य नव्हे, तर कचेरीच्या भाषेत ज्याला वादाचा मुद्दा म्हणतात तो. फिर्यादीने प्रतिवादीस ‘तू कर्ज घेतलेस एवढे कबूल कर, म्हणजे तू कर्ज घेतल्याचे मी आत्ता शाबीत करून देतो’ असे म्हणावे, तशातली ही गत.

एच. डब्ल्यू. फाउलर याने 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या दोषाचा एक मासलेवाईक नमुना दिला आहे : कोल्ह्याची शिकार क्रूर नव्हे, कारण कोल्ह्यालाही तिची गंमत वाटते. निष्कर्षाइतकीच सिद्धतेची गरज ज्याला आहे अशा पायावर निष्कर्ष उभारणे, असे तो या दोषाचे लक्षण करतो. आणि ते वाचताना, न्यायसूत्रांतील पाच हेत्वाभासांपैकी ‘साध्यसम’ ज्याला ठाऊक आहे त्याला आपल्याच घरी आल्यासारखे वाटते. छाया हे द्रव्य आहे, कारण ती चालते, हे वात्स्यायनाचे उदाहरण. पण माणूस चालतो तशी छाया खरोखर चालते, की प्रकाश अडविणारी वस्तू पुढे सरकत असता प्रकाशाचा अभाव ठिकठिकाणी क्रमाने दिसतो, हेच तर ठरावयाचे आहे! खरे पाहता फाउलरचे लक्षण अॅरिस्टॉटलपेक्षा वात्स्यायनालाच अधिक जवळचे. कारण सारख्याच असिद्ध गोष्टीवरून अनुमान करणे आणि मूळ मुद्दाच मागणे, या दोहोंत अॅरिस्टॉटल स्पष्ट भेद करतो.

हा दोष सर्वांत अधिक जिव्हारी लागतो तो धर्मविचाराला. धर्मग्रंथ प्रमाण का, तर तो ईश्वराची वाणी म्हणून. आणि ईश्वर आहे हे कशावरून, तर धर्मग्रंथ तसे सांगतो म्हणून. कुमारिलभट्टाने श्लोकवार्तिकात नेमका याच अन्योन्याश्रयावर बोट ठेवून सर्वज्ञाच्या वचनावर उभ्या राहणाऱ्या आगमांची वासलात लावली, आणि स्वतःचा वेद मात्र कर्त्यावाचूनचा, अपौरुषेय ठरवून त्या फेऱ्यातून सोडविला. उदयनाचार्यांना ईश्वरकर्तृक वेदच हवा होता. म्हणून त्यांनी, पृथ्वी आदी कार्य आहे तस्मात् तिला कर्ता असला पाहिजे, अशा अनुमानांची तजवीज आधी केली. देकार्तची गोष्ट याहून मनोरंजक आहे. 1641 च्या आपल्या ‘चिंतना’च्या अर्पणपत्रात त्याने पॅरिसच्या धर्मपंडितांना मोकळेपणाने सांगितले की, ग्रंथावरून देव आणि देवावरून ग्रंथ हे आपणा श्रद्धावंतांस ठीक असले तरी नास्तिकापुढे ठेवता येणार नाही, तो याला चक्र म्हणेल, आणि मग जे स्वच्छ व स्पष्ट दिसते ते खरे, या तत्त्वाच्या साहाय्याने त्याने देव सिद्ध केला. त्यावर आर्नो या धर्मपंडिताने विचारले, की स्वच्छ दिसते ते खरे याची हमी तर तुम्ही देवाकडूनच घेता ना? चक्रातून निसटू पाहणारा दुसऱ्या चक्रात सापडला.

तथापि देकार्तच्या त्या अर्पणपत्रातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा दोष वाक्यात नाही, समोर बसलेल्या माणसात आहे. कीर्तनाच्या रंगात बुवा देवावरून ग्रंथ आणि ग्रंथावरून देव असे शंभर वेळा फिरले, तरी तेथे कोणी मुद्दा मागत नाही, कारण तो नाकारणाराच तेथे कोणी नाही. तेच बुवा नास्तिकाच्या ओसरीवर गेले की त्याच शब्दांनी याचक ठरतात. ‘प्रश्न उपस्थित करणे’ या आधुनिक अर्थाविषयी माझी तक्रार आहे ती एवढ्यासाठीच, की त्यात हा समोरचा माणूसच नाहीसा होतो. मिल्‌साहेबांनी 1843 साली तर प्रत्येक निगमनावरच, ते निष्कर्षाचा पुरावा म्हणून पुढे केल्यास, हा आरोप ठेवला (‘सर्व मनुष्ये मर्त्य’ यात सॉक्रेटिस आधीच आला नाही काय?), आणि व्याप्ती अनुमानाने ठरवू गेल्यास चक्र होते, ही चार्वाकाची हरकतही त्याच जातीची, पण तो विषय येथे वाढवीत नाही.

राहिला तो तांबडी रेघ ओढणारा पंडित. तुमचाच प्रयोग शुद्ध कशावरून, असे त्याला विचारले तर तो म्हणेल, शिष्ट लोक तसे लिहितात. आणि शिष्ट कोण म्हणून विचारावे, तर जे शुद्ध लिहितात ते. फाउलरचाच दुसरा नमुना असा आहे की, नोकर ठेवलेच पाहिजेत, कारण सर्व प्रतिष्ठित लोक ठेवतात. आणि प्रतिष्ठित म्हणजे कोण, तर जे नोकर ठेवतात. पतंजलीने महाभाष्यात ही अडचण आपण होऊन काढली आहे. शब्दांच्या बाबतीत शिष्ट प्रमाण, शिष्ट म्हणजे वैयाकरण, आणि वैयाकरण होतात ते शास्त्राने. मग शास्त्र शिष्टांवर आणि शिष्टत्व शास्त्रावर, असा इतरेतराश्रय होतो, आणि तो चालावयाचा नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले. मग त्याने शिष्टाची ओळख व्याकरणातून काढून घेतली आणि ती निवासात व आचारात ठेवली : जे ब्राह्मण आर्यावर्तात राहतात, घरी मडकेभर धान्यापलीकडे साठा करीत नाहीत, ज्यांना लोभ नाही, आणि कोणत्याही लाभाच्या अपेक्षेवाचून जे एखाद्या विद्येत पारंगत झाले आहेत, ते शिष्ट.