तिमाहीचा नय

शेअर बाजारात नव्याने आलेल्या कंपनीचा तिमाही निकाल जाहीर झाला की बहुतेकांची नजर थेट करोत्तर नफ्याच्या ओळीवर जाते. तो आकडा खरा आहे, असं आपण नेमकं कोणत्या अर्थाने म्हणतो, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मी सनदी लेखापाल आहे, पुण्यात लेखापरीक्षण करते. माहेर सांगलीचं, मराठी जैन घर, हळदीची अडत. लहानपणी आजीबरोबर मंदिरात स्वाध्यायाला बसायचे, तिथे तत्त्वार्थसूत्रातले सात नय पाठ झाले. पुढे हिशेबांवर सही करायची वेळ आली तेव्हा या प्रश्नाला भिडायला मला दुसरीकडून काही आणावं लागलं नाही.

कंपनीच्या हिशेबात डोळ्यांनी पाहता येईल असं थोडंच असतं. बँकेतली शिल्लक, गोदामातला माल, भरलेला कर. बाकीचं ठरवावं लागतं. यंत्र किती वर्षं टिकेल, कोणती येणी बुडतील, वॉरंटीपोटी किती खर्च निघेल, विक्री झाली असं कोणत्या दिवशी म्हणायचं. ठरवायच्या रीतीला लेखाधोरण म्हणतात, आणि त्या रीतीतही जागोजागी अंदाज बसलेले असतात. वर्षअखेरीला निदान बऱ्याच गोष्टी उलगडलेल्या असतात. तिमाहीत तेवढी उसंत नसते. सेबीच्या 2015 च्या नियमावलीतला 33 वा नियम तिमाही संपल्यापासून 45 दिवस देतो. नव्याने सूचीबद्ध झालेल्या कंपनीला पहिल्या निकालापुरती एवढीच सवलत, की ही मुदत किंवा सूचीबद्ध झाल्यापासून 21 दिवस, यांत जे नंतर येईल ते. शिवाय अशा कंपनीला तिमाहीचा भूतकाळ नसतो. तक्त्यात गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा रकाना असतो, पण त्याखाली बहुतेक वेळा टीप असते की हे आकडे व्यवस्थापनाने तयार केले आहेत, लेखापरीक्षकांनी त्यांचा आढावा घेतलेला नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीच्या सप्टेंबर तिमाहीचा मर्यादित आढावा माझ्याकडे होता. साखर कारखान्यांना इव्हॅपोरेटर आणि सेंट्रिफ्युगल मशीन पुरवणारी कंपनी. या धंद्याचं वर्ष उसाच्या मागे चालतं. पावसाळ्यात कारखाने बंद, तेव्हा दुरुस्त्या निघतात, नवी यंत्रं बसतात. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मोळी पडते, आणि गाळप सुरू झाल्यावरच कळतं की यंत्र करारात लिहिल्याइतक्याच वाफेवर चालतंय की जास्त खातंय. ऊसच नसेल तर ही हमी तपासणार कशी?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या फाटकातून 18 कोटींची यंत्रं बाहेर पडली. फाटकावरची नोंदवही, ई-वे बिल, ट्रकची बिल्टी, सगळं जुळत होतं. एका चलनावर कारखान्याच्या स्टोअरचा जांभळा शिक्का होता: 'माल मिळाला, तपासणीच्या अधीन.' खाली स्टोअरकीपरची सही, तारीख 29 सप्टेंबर. त्या शिक्क्यावर मी बराच वेळ थांबले. माल मिळाला हेही खरं होतं आणि तो अजून पत्करलेला नाही हेही खरं होतं, आणि त्या माणसाने एवढ्याशा जागेत दोन्ही सांगितलं होतं.

भागविक्रीच्या माहितीपत्रकात कंपनीने लिहिलं होतं की यंत्र बसवून, चाचणी होऊन, ग्राहकाने स्वीकृतीपत्र दिल्यावर विक्री धरली जाईल. त्या हिशेबाने हे 18 कोटी डिसेंबर तिमाहीत जात होते आणि बाजारात आल्यानंतरच्या पहिल्याच निकालात नफा गेल्या वर्षीपेक्षा घटलेला दिसणार होता. कंपनीच्या वित्तप्रमुखांनी प्रस्ताव ठेवला की यापुढे माल पोचला की विक्री धरावी. ते लबाड नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, "मॅडम, यंत्र कारखान्यात पोचलंय हे खोटं आहे का? दहा वर्षांत आमचं एकही यंत्र चाचणीत नापास झालेलं नाही. स्वीकृतीपत्र हा उपचार राहिलाय." या म्हणण्याला आधारही होता. ग्राहकाच्या ताब्यात वस्तू कधी गेली हे ठरवताना, ती कराराबरहुकूम आहे हे आधीच वस्तुनिष्ठपणे सांगता येत असेल तर औपचारिक स्वीकृतीसाठी अडून बसायची गरज नाही, असं महसुलाचं लेखामानक, इंड एएस 115, म्हणतं. तसं सांगता येत नसेल तर मात्र थांबायचं.

आता नयांकडे येते. वस्तूला अनंत धर्म असतात आणि बोलताना आपण त्यांतल्या एकाच अंगाने बोलतो. त्या अंगाला नय म्हणतात. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात सात नय सांगितले, आणि पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत त्यांना उदाहरणं दिली. पहिला नैगम नय. एक माणूस कुऱ्हाड घेऊन रानात निघाला आहे. कुठे चाललास, विचारलं तर म्हणतो, धान्याचं माप आणायला. माप अजून झालेलं नाही, झाड उभं आहे, पण संकल्प पक्का असल्यामुळे त्याचं बोलणं खोटं ठरत नाही. सरपण आणि पाणी गोळा करणारा म्हणतो, भात शिजवतोय. तेही चालतं. सातवा नय याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, एवंभूत. त्याच्या दृष्टीने वस्तू आपलं काम प्रत्यक्ष करत असते त्याच क्षणी तिला ते नाव शोभतं. मधे चौथा, ऋजुसूत्र. त्याला मागचं-पुढचं दिसत नाही, फक्त चालू क्षण दिसतो.

वित्तप्रमुख नैगम नयाने बोलत होते. यंत्र निघालं, पोचलं, आता ते चालणारच, म्हणजे विकलं. माहितीपत्रकातलं धोरण एवंभूताच्या जवळचं होतं. उसाचा रस आत गेला, हमीइतक्या वाफेत तो आटला, मगच ती विक्री. यातलं एकही असत्य नाही. आणि अंतरिम हिशेबाचं मानक, इंड एएस 34, स्वतःही एका नयाला चिकटत नाही. पुढच्या तिमाहीत मोठी दुरुस्ती काढायचा बेत आहे म्हणून तिचा खर्च आज टाकू देत नाही. हंगामी धंद्याचं उत्पन्न चार तिमाह्यांत सारखं पसरू देत नाही. तिथे ते ऋजुसूत्री आहे. प्राप्तिकर काढताना मात्र पूर्ण वर्षाचा सरासरी दर किती पडेल याचा अंदाज घ्यायला लावतं, म्हणजे मार्चअखेर डोळ्यांसमोर ठेवूनच सप्टेंबरचा कर मांडायचा. मला यात विसंगती वाटत नाही. ज्या गोष्टीचा जसा स्वभाव, तसा नय.

इथे एक आक्षेप येतो. अनेकांतावर, म्हणजे वस्तूला अनेक अंगं असतात या जैन मतावर, तो शतकानुशतकं घेतला गेला आहे आणि माझ्या व्यवसायात रोज ऐकू येतो. सगळेच नय खरे असतील तर सोईचा तो घ्यावा, आकडा काढावा, सत्याचं नाव कशाला? मला हा आक्षेप गंभीर वाटतो. तो टाळून पुढे गेलं तर लेखापरीक्षकाच्या सहीला अर्थ उरत नाही.

समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याचं एक उत्तर दिलं आहे. दुसऱ्या नयांची दखल न घेणारा नय मिथ्या, दखल घेणारा नय कामाचा. 'स्यात्', म्हणजे 'एका अंगाने', लावून बोलायचं ते यासाठी. ताळेबंदामागे छापली जाणारी लेखाधोरणांची टीप मी गेली कित्येक वर्षं याच भावनेने वाचते. आम्ही विक्री या अंगाने पाहिली, घसारा त्या अंगाने, दुसऱ्या अंगाने पाहिलं असतं तर आकडा वेगळा निघाला असता: एवढं ती टीप कबूल करते. झोमॅटो 23 जुलै 2021 ला सूचीबद्ध झाली आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच तिमाही निकालात तिने 356 कोटींचा तोटा दाखवला. तोटा वाढण्याचं मुख्य कारण कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर-पर्यायांचा खर्च, ज्यात रोख जात नाही, असं कंपनीने सांगितलं. रोखीच्या अंगाने पैसा गेलेला नाही. भागधारकाच्या अंगाने त्याच्या मालकीतला काही हिस्सा दुसऱ्याला कबूल झाला आहे. तोट्याचा आकडा आणि हा खुलासा दोन्ही समोर असले की वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

पण टीप छापली म्हणजे भागलं, असं मला वाटत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात असत्याची व्याख्या येते, आणि हिंसेच्या सूत्रातला प्रमत्तयोग, म्हणजे लोभ-क्रोधासारख्या कषायांनी बेसावध झालेलं मन, टीकाकार इथेही लागू करतात. म्हणजे बोलण्याचा खरेखोटेपणा वस्तूपाशी संपत नाही. बोलणाऱ्याच्या मनातल्या कषायापर्यंत तो तपासावा लागतो. त्याच अध्यायात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे अतिचार, म्हणजे व्रतात घडणारे दोष, मोजले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख लिहिणं. व्रताचा विचार करणाऱ्यांना वही आणि दस्तऐवज इतके जवळचे वाटत होते, याचा मला फार आधार वाटतो. या व्याख्येने पाहिलं तर पहिल्या दिवसापासून माल पोचल्यावर विक्री धरणारी कंपनी खरं बोलते. तेच धोरण तिमाही संपल्यावर, घटलेला नफा समोर दिसत असताना, लोभाने उचललं तर तेच असत्य होतं. यंत्र तेच, चलन तेच, शिक्का तोच.

मात्र लोभ कागदावर दिसत नाही. मी कोणाच्या मनात शिरू शकत नाही, आणि मर्यादित आढाव्यात तर आमची पोच आणखी तोकडी. त्यात मुख्यतः विचारपूस असते आणि आकड्यांची ताडून पाहणी. शेवटी आम्ही लिहितो ते नकारात असतं: हे विवरण मानकाप्रमाणे नाही असं वाटायला लावणारं काही आमच्या नजरेस आलेलं नाही. एवढंच. हे वाक्य मला कधी पळवाट वाटलं नाही. जितकं पाहिलं तितकंच बोलणं हाही संयम आहे.

म्हणूनच सातत्याचा नियम मला धार्मिक वजनाचा वाटतो. इंड एएस 8 सांगतं की धोरण बदलायचं तर मानकाची तशी आज्ञा हवी किंवा नव्या धोरणाने माहिती अधिक उपयुक्त आणि विश्वासार्ह व्हायला हवी. माहितीपत्रकात धोरण लिहिलं तेव्हा पाऊस किती होणार, गाळप कधी सुरू होणार, सप्टेंबरचा नफा किती निघणार, काहीच ठाऊक नव्हतं. फळ दिसण्याआधी घेतलेलं ते व्रत होतं. हेतू तपासता येत नसला तरी व्रत कधी घेतलं आणि कधी सोडलं, याची तारीख तपासता येते.

लेखापरीक्षण समितीच्या बैठकीत मी हे सगळं बोलले नाही. करारातली वाफेची हमी आणि तो शिक्का एवढंच पुढे ठेवलं. समितीत सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक स्वतंत्र संचालक होते. त्यांनी वित्तप्रमुखांना विचारलं, "सप्टेंबरला नफा भरपूर असता, तर हा बदल तुम्हाला सुचला असता का?" वित्तप्रमुख म्हणाले, "नसता सुचला, साहेब." आणि प्रस्ताव त्यांनी स्वतःच मागे घेतला. जैनांच्या दशलक्षण पर्वात तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा असतो, मनातलं आणि ओठावरचं एक असण्याचा. त्या वित्तप्रमुखांबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटतो तो त्यांच्या हिशेबाच्या जाणकारीपेक्षा मोठा आहे.

मी तिथे एकच जादा मागणी केली. वर्षाच्या अहवालात लेखाधोरणं पानंच्या पानं छापतात. तिमाही निकालात 'इंड एएस 34 प्रमाणे तयार केले' एवढ्या ओळीवर बहुतेक कंपन्या थांबतात. आकडा राहतो, स्यात् गळून पडतं. नव्या कंपनीच्या भागधारकाला तर मागचा अनुभवही नसतो. म्हणून निकालाखाली एक टीप छापावी, असं मी सुचवलं: विक्री चाचणी आणि स्वीकृतीनंतर धरली आहे, 30 सप्टेंबरला ग्राहकाकडे पोचलेली पण स्वीकृती बाकी असलेली यंत्रं 18 कोटींची आहेत. कायद्याने अशी टीप सक्तीची नाही, तिला मनाईही नाही. कंपनीने ती छापली. डिसेंबर आणि मार्चच्या निकालांतही ती असावी, स्वीकृती बाकी असलेला आकडा शून्य असला तरी, असं इतिवृत्तात लिहून घेतलं.