आवाज घालवायचा की बिघाड शोधायचा

जुन्या जीपच्या मालकाला गाडीचा आवाज ऐकू येत नाही, असं कधीच नसतं. शेजारी बसलेल्या माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी तो सीटमधून आणि ॲक्सिलरेटरवरच्या तळपायातून वर येतो. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र कान ठरवत नाही. माझ्या बाबतीत ते बहुतेक वेळा खिसा ठरवतो, आणि खिशाला जमलं नाही तर अभिमान. या सवयीची एकदा स्वतःच झडती घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

माझी जीप विलीज घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्धानंतर काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षं तीच बांधणी थोड्याफार फरकाने सरकारी खात्यांत, धरणांच्या कामांवर, घाटातल्या वडापात फिरत राहिली. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचायचा तिचा रस्ता लांबचा आहे: क्लच, गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्सफर केस, तिथून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे, प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, मग क्राउन-पिनियन, एक्सल, हब. यातल्या कुठल्याही ठिकाणी निघालेला आवाज लोखंडी चासीतून पसरतो आणि भलतीकडेच ऐकू येतो. त्यामुळे निदान करायचं म्हणजे एकेकाला वगळत जायचं, दुसरा उपाय नाही. आणि वगळण्याचा क्रम ठरवतो कोण? मीच.

माझा क्रम असा असतो. आधी रस्त्याला दोष. मग टायरला. मग चाकाच्या बेअरिंगला, मग क्रॉसला. क्राउन-पिनियनचं नाव अगदी शेवटी, तेही मिस्त्रींनी काढलं तर. तपासायला जे सोपं ते आधी बघावं, असं मी यावर सांगतो, आणि त्यात चूक काहीच नाही. कुठलाही शहाणा मेकॅनिक तेच करेल. पण यादी नीट बघितली तर ती खर्चाच्या चढत्या क्रमाने लागलेली दिसते. स्वस्तापासून सुरुवात करण्यात गैर नाही. स्वस्तापाशी थांबावंसं वाटतं, तिथे माझी नियत बिघडते.

परीक्षा घेतानाही मी सरळ नसतो. पिनियनचा आवाज ओळखायची जुनी रीत आहे. गाडी एका वेगात ठेवायची, पाय दाबून आवाज ऐकायचा आणि मग पाय झटक्यात उचलायचा. भार देताना एक सूर आणि पाय सोडताना दुसरा, असं झालं तर संशय क्राउन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर जातो. भाराने फरक पडत नाही, पण गाडी डावीकडे वळवली की घरघर वाढते, असं असेल तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघायचं, कारण वळणात वजन बाहेरच्या चाकावर येतं. खालच्या गिअरमध्ये आवाज आहे आणि टॉपला टाकलं की गायब, तर गिअरबॉक्समधल्या काउंटर शाफ्टकडे वळायचं. टॉप गिअरमध्ये ताकद थेट जाते, काउंटर शाफ्टवर भार नसतो. हे सगळं मला पाठ आहे. तरी घाटाच्या पायथ्याशी मी पाय झटक्यात उचलत नाही, हळूहळू उचलतो, म्हणजे सूर बदलला तरी तो वेग उतरल्याने बदलला असं स्वतःला सांगता येतं.

थरथरीचंही तसंच. या घराण्यातल्या अनेक गाड्यांच्या क्राउनला 43 दात असतात आणि पिनियनला 8, म्हणजे चाकाच्या एका फेरीत शाफ्ट पाचाहून अधिक वेळा फिरतो. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सातेक फेऱ्या मारतं, शाफ्ट चाळिसेक. स्टिअरिंग सावकाश हलतंय तर दोष चाकाकडे. पायाखालचा पत्रा बारीक गुणगुणतोय तर शाफ्टकडे. हा हिशोब कुणालाही जमेल असा आहे. पण थरथर शाफ्टची निघाली तर ती कुणी आणली, हा पुढचा प्रश्न येतो. गाडी उंच दिसावी म्हणून शॅकल बदलले की शाफ्टचे कोन बदलतात. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे ओढतो. ही ओढाताण दुसऱ्या टोकाचा क्रॉस फेडतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही काटे एका रेषेत जोडलेले असतील तरच. आता उंची वाढवायची हौस कुणाची होती? मागच्या मालकाची, असं मी म्हणतो. जुन्या गाडीला मागचा मालक असणं ही फार मोठी सोय आहे. त्याच्या खात्यावर काहीही मांडता येतं.

या जिपांचा ट्रान्सफर केस जन्मापासूनच गुणगुणतो, हेही खरं. शाफ्ट एका बाजूला सरकवून घेतलेला असल्याने साध्या टू-व्हीलमध्येसुद्धा ताकद मधल्या गिअरच्या दातांवरूनच जाते. थेट वाट तिथे नाही. म्हणून अशी गाडी पूर्ण गप्प असेल अशी अपेक्षा करणाऱ्याला मी हसतो. पण याच खऱ्या गोष्टीच्या आडोशाला मी सगळ्यात जास्त वेळा लपलो आहे. ‘या गाड्या अशाच वाजतात’ हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं तपासायचा कंटाळा त्यात झाकला जातो. जन्मजात आवाज वर्षानुवर्षं एकाच सुरात असतो. मागच्या पावसाळ्यात नव्हता आणि आता आहे, तो जन्मजात नव्हे. हा फरक माझ्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत असणार? मिस्त्रींना गाडी वर्षातून थोडा वेळ भेटते. मी तिच्यात बसतो.

फोर-व्हीलचं दुखणं वेगळं, कारण त्यात बोट बहुधा चालवणाऱ्याकडेच वळतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. लिव्हर टाकला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि गिअरच्या दातांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर निघता निघत नाही, आणि थोडं रिव्हर्स घेतल्यावर टक् करून सुटतो. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. परिघात दोन टक्क्यांचा फरक म्हणजे किलोमीटरला वीस मीटरचा हिशोब कुणालातरी घासून पुरा करावा लागतो. घाटमाथ्यावर धुकं आणि पाऊस असला की लिव्हर टाकून ठेवायला बरं वाटतं. मग पाऊस थांबतो, रस्ता सुकतो, आणि शेजारी पाहुणे बसलेले असले की लिव्हर तसाच राहतो. त्यांना तो दिसायला हवा असतो. हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतं, पण आहे ते आहे.

ओढ्यातल्या पाण्याचंही तेच. दूरवर चालून तापलेलं एक्सलचं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला किंवा सील थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी प्लग उघडून बघायचा. ऑइल दुधाळ झालं असेल तर काढून टाकायचं. ओढा ओलांडतानाचा फोटो काढायला माझ्याकडे वेळ असतो. प्लग उघडायला पुढचा रविवार चालतो.

ऑइलवरूनच एक प्रसंग आठवतो. मागच्या हाउसिंगचा प्लग काढून मिस्त्रींनी चुंबकाला चिकटलेला कीस बोटावर घेतला. पिठासारखा बारीक होता. त्यात कपची एकही नव्हती. म्हणजे झीज आहे, मोड नाही. हात पुसत त्यांनी विचारलं, “सर, 90 नंबरच टाकू का 140?”

“140 ने काय होईल?”

“आवाज दबेल थोडा.” मग जरा थांबून, सहज विचारावं तसं म्हणाले, “गाडी काढायचीय का?”

त्यांच्या प्रश्नात कसलीही लबाडी नव्हती. जाड ऑइल दातांमधली फट भरतं, आवाज खाली बसतो, आणि झिजलेल्या जुन्या गाडीत ते टाकणारे बरेच असतात. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आवाजच घालवायचा असतो, आणि आवाज घालवायची सगळ्यात मोठी घाई गाडी विकायच्या आठवड्यात होते. मला टोचलं ते हे की उत्तर द्यायला मला वेळ लागला. गाडी विकायचा विचार तोवर मी घरात बोललो नव्हतो, स्वतःशीही धड बोललो नव्हतो. पण 140 हा आकडा ऐकल्यावर मनात एक गिऱ्हाईक उभं राहिलं होतं, पायथ्याच्या गावातला कुणीतरी, दुधाचे कॅन किंवा शाळेची पोरं नेणारा, आणि शांत चालणारी जीप बघून खूश झालेला. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच बसवलेले असतात. एक गेला तर दोन्ही बदलावे लागतात, आणि शिम लावून त्यांचा खेळ पुन्हा बसवायला कसलेला हात लागतो. तो सगळा खर्च मी एका डब्यातून त्या माणसाच्या अंगावर ढकलायला निघालो होतो, तेही तोंडातून एक शब्द खोटा न बोलता. 90 नंबर टाकायला सांगितलं. ही काही मोठी गोष्ट केली असं नाही. मिस्त्रींनी तो दुसरा प्रश्न विचारला नसता तर काय सांगितलं असतं, याची मला खात्री नाही. गाडी काढायची झाली तर 90 नंबरवर, आवाजासकट दाखवायची आणि पिनियन झिजला आहे हे किमतीच्या आधी सांगायचं, एवढं मात्र त्या दिवशी ठरलं.

पण या सगळ्याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार उशिरा दिसायला लागली. गाडीखाली कोण जातं?

मी जात नाही. पोट आणि गुडघे ही कारणं आहेतच. जातो मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा, पोतं अंथरून. जुन्या विलीज बांधणीच्या जिपांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्ट जिथून निघतो तिथे असतो. हँडब्रेक ओढला म्हणजे शाफ्ट धरला, चाक नव्हे. यातून काय काय निघतं ते बघा. क्रॉस तुटला किंवा मागचा शाफ्ट काढला, आणि लिव्हर टू-व्हीलमध्ये आहे, तर ओढलेला हँडब्रेक काहीच धरत नाही. शाफ्ट जागेवर आहे, पण मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुटून गाडी घरंगळू शकते. आणि क्रॉसचा, पिनियनचा खेळ हाताने बघायचा तर शाफ्ट हलवावा लागतो, म्हणजे गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक मुद्दाम सोडलेला. थोडक्यात, जे निदान मला उत्सुकतेने ऐकायचं असतं ते देणारा पोरगा टनाहून जास्त लोखंडाखाली आडवा असतो, आणि त्या वेळी गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही ठेवलं नसेल तर काहीच नसतं. वरून मी विचारतो, “किती खेळ आहे रे?”

क्रॉसच्या टोपीभोवती लाल भुकटी दिसली की आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत, हे मला माहीत आहे. पुढे-मागे घेताना टक् वाजतं, ते मी ऐकत असतो. तो क्रॉस म्हणजे माझ्या हँडब्रेकची एक कडी आहे, हेही आता माहीत आहे. तरी ग्रीसगन मारून आणखी एक पावसाळा काढावा असं ज्या क्षणी वाटतं, त्या क्षणी मी कुणाच्या जिवावर बचत करतो आहे हा प्रश्न विचारला पाहिजे. तो प्रश्न आता मी खर्चाच्या यादीच्या आधी ठेवतो. मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलून होईपर्यंत जीप घाटात माणसं घेऊन जाणार नाही. पिनियनचा आवाज सध्या चालेल, तिथे झीज आहे, मोड नाही.

तुमच्याकडे अशी जीप असेल तर एक करा. तिच्याखाली कुणी जाण्याआधी सपाट जागा बघा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, उचललेल्या बाजूला जॅकबरोबर स्टँडही द्या, आणि तिचा हँडब्रेक काय धरतो आणि काय धरत नाही, हे आत जाणाऱ्या पोराला स्वतःच्या तोंडाने सांगा.