सहाध्यायांची साक्ष

एका अध्यापकापुढे दोन-तीनशे उत्तरपत्रिकांची चळत येऊन पडते, तेव्हा विद्यार्थ्यांनीच परस्परांच्या लेखनास गुण द्यावेत ही सूचना सोयीची वाटते, आणि सोयीची आहे म्हणूनच तिच्याविषयी संशयही त्वरित उत्पन्न होतो. स्नेह्याला झुकते माप मिळेल, प्रतिस्पर्ध्याच्या वेळी हात आखडेल, ज्याला स्वतःलाच विषय उमगलेला नाही तो दुसऱ्याचा निकाल लावील, हे आक्षेप खोटे नाहीत. मात्र त्यांच्यामागे, जाणत्या परीक्षकाचा निकाल निर्विवाद असतो, असे एक गृहीत असते, आणि ते टिकत नाही. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी ऱ्होड्स यांच्यासह 1935 साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका त्याच अनुभवी परीक्षकांकडे वर्षाहून अधिक काळाने पुन्हा धाडल्या. तेव्हा 14 जणांच्या 210 निकालांपैकी 92 निकाल त्यांनी स्वतःच फिरवले. उलटपक्षी, फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या विदुषींनी 2000 साली 48 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांचे व अध्यापकांचे गुण यांचा सहसंबंध सरासरीने 0.69 आढळला, निकष परिचित असून गुण समग्र कृतीला द्यावयाचे असले की मेळ अधिक बसे, सुट्या सुट्या अंगांना वेगळे गुण वाटावयाचे असले की कमी.

ही आकडेवारी आशादायक खरी, तथापि सहाध्यायी नेमका कशाचा विश्वासू साक्षी असतो, हा प्रश्न तिने सुटत नाही. त्याचे उत्तर मला काशीच्या शास्त्रार्थांत, म्हणजे शास्त्रावरील वादसभांत, अधिक स्पष्ट दिसते. जैतपुऱ्यातील नागकुआँ या पतंजलींच्या नावाशी जोडलेल्या कुंडावर नागपंचमीस व्याकरणाचे विद्यार्थी शास्त्रार्थ करतात. समजा, एकाने 'सुधी' आणि 'उपास्य' यांचा संधी 'सुद्ध्युपास्य' असा साधला. प्रतिपक्षी लगेच विचारील की ईकाराचा यकार झाला हे मान्य, पण मग संयोगाच्या अंती आलेला तो यकार लोप का पावत नाही? येथे 'मला पटत नाही' या उत्तराला किंमत नाही. यणाच्या, म्हणजे य-व-र-ल या वर्णांच्या, लोपाचा निषेध सांगणारे वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेले पूरक वचन, दाखवावे लागते, आणि आक्षेपकालाही आपले सूत्र प्रथम पुढे ठेवावे लागते. ज्या काशीत भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी रचली आणि नागोजी भट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताने व्याकरणाची परंपरा पुढे नेली, तेथे समवयस्काचा दोषनिर्देश ग्राह्य ठरे तो त्याच्या सज्जनतेमुळे नव्हे, तर त्याला दाखला द्यावा लागे म्हणून. नुसत्या गुणाच्या आकड्यामागे असा दाखला नसतो.

निकालाची गोष्ट मात्र निराळी. 16 नोव्हेंबर 1869 रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत स्वामी दयानंदांशी मूर्तिपूजेवर शास्त्रार्थ झाला, त्यात काशीच्या पंडितांकडून विशुद्धानंदांबरोबर बाळशास्त्री रानडे होते, आणि अध्यक्ष काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह. विद्वत्तेची वाण दोन्हीकडे नव्हती. तरीही त्या सभेचा निकाल काय लागला याविषयी उभय पक्षांची कथने आजही जुळत नाहीत, कारण दोघांनाही मान्य असा मध्यस्थ नव्हता. अध्यक्ष होते तेही पंडितवर्गाचे आश्रयदातेच.

म्हणून मोठ्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम गुण देऊ नयेत, दोष दाखवण्याचे काम द्यावे, असे माझे आग्रहपूर्वक म्हणणे आहे. प्रत्येक पत्रिका तिघा-चौघांनी नाव न कळता वाचावी, प्रत्येक शेऱ्यालगत त्याचा आधार समासात लिहावा, आणि ती लेखकाकडे उत्तरासाठी परत जावी. ज्या शेऱ्याचे उत्तर लेखकाने दिले आणि तपासणाऱ्याला ते खोडता आले नाही तो बाद धरावा. जेथे दोघेही माघार घेत नाहीत तेवढ्याच पत्रिका अध्यापकाच्या मेजावर याव्यात, आणि अंतिम गुण दप्तरी दाखल करण्याचा अधिकार व त्याची जबाबदारी, ही दोन्ही अध्यापकाकडेच राहावीत.